शाळा पुन्हा उघडताना शिक्षकांकडे पाहण्याची नजर का बदलली?

प्रश्न : वर्गशिक्षिका

नमस्कार. मी गेली सोळा वर्षे प्राथमिक वर्गांना शिकवते. आता २०२२ च्या जानेवारीत, कोरोनाच्या ओमायक्रॉन या प्रकाराची लाट पूर्ण ओसरलेली नसताना, आमची शाळा तिसऱ्यांदा उघडत आहे. या वेळी मला साथीच्या भीतीपेक्षा लोकांच्या बोलण्याने अधिक अस्वस्थ केले आहे आणि म्हणून येथे लिहीत आहे.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हाचे दिवस मला स्पष्ट आठवतात. युनेस्कोच्या आकडेवारीनुसार १९० हून अधिक देशांत शाळांना कुलपे लागली होती आणि १५० कोटींहून अधिक मुले घरी बसली होती. पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर संदेश येऊ लागले की एका मुलाला तासभर अभ्यासाला बसवताना आमचा जीव मेटाकुटीला येतो, तुम्ही चाळीस मुलांना दिवसभर कसे सांभाळता. एका आईने मुलीच्या वहीचे छायाचित्र पाठवून त्याखाली लिहिले होते, 'बाई, तुमची आठवण येते, तिलाही आणि मलाही.' तो संदेश मी अजून जपून ठेवला आहे.

काही महिन्यांनी शाळा उघडण्याचा विषय निघाला आणि त्याच गटावरची भाषा पालटली. 'घरबसल्या पगार मिळतो आहे, मग शाळा उघडायला कोणाला हवी आहे?' 'दवाखान्यातली, दुकानातली माणसे रोज कामावर जातात, शिक्षकांनाच कसली एवढी भीती?' हे लिहिणारे अनोळखी लोक नव्हते. त्यांच्या मुलांचे पहिले अक्षर मी गिरवून घेतले आहे.

माझ्या वर्गात अडतीस मुले आहेत. शाळा बंद असतानाच्या काळात माझा दिवस सकाळी पडद्यावरच्या तासाने सुरू होई, पण तो संपण्याची वेळ मात्र ठरलेली नसे, कारण अनेक घरांत एकच फोन होता आणि तो वडील कामावरून परतल्यावर मुलाच्या हाती येई. रात्री दहानंतर वह्यांची छायाचित्रे येत, काही तिरपी, काहींवर फोन धरणाऱ्या हाताची सावली, काहींत अर्धी ओळ कडेला कापली गेलेली. ती मोठी करून, फिरवून मी एकेक अक्षर तपासत असे, आणि कोणाचा 'भ' उलटा वळतो आहे, कोण बेरजेत हातचा विसरते आहे, हे टिपून ठेवत असे. हे काम पालकांच्या दृष्टीस पडले नाही, हे मी समजू शकते.

मला जे समजत नाही ते वेगळे आहे. शाळा उघडण्यापूर्वीच्या सभेत मी एवढेच विचारले होते की माझ्या वर्गाच्या पाच खिडक्यांपैकी दोन जुन्या रंगाने चिकटून बंद झाल्या आहेत, त्या आधी उघडून मिळतील का. त्यावर एका पालकांनी सर्वांसमोर उत्तर दिले, 'बाई, शिकवायचे नसेल तर तसे सांगा, कारणे सांगू नका.' मला शिकवायचे आहे. मला त्या मुलांच्या बाकांमधून फिरायचे आहे. पण मला दम्याचा त्रास आहे आणि घरी वयोवृद्ध सासूबाई आहेत, तेव्हा त्या खिडक्यांची चिंता वाटणे आणि शिकवण्याची ओढ असणे या दोन्ही गोष्टी एकाच माणसात नांदू शकतात की नाही?

येथे पालक, शिक्षक आणि आरोग्य क्षेत्रातील जाणकार असे सगळेच येतात, म्हणून विचारते. ज्या समाजाने मार्च २०२० मध्ये आमचे एवढे कौतुक केले, त्याच समाजाला आमची शंका कामचुकारपणा का वाटू लागली? आणि आम्ही शिक्षकांनी यात काही चूक केली असेल, तर तीही सांगावी. मी मनापासून ऐकून घेईन.


प्रतिसाद १ : दोन मुलांची आई

ताई, तुमचा प्रश्न वाचून मी दोन दिवस उत्तर लिहिण्याचे टाळले, कारण खरे उत्तर द्यायचे तर आधी कबुली द्यावी लागते. 'घरबसल्या पगार' हे वाक्य मी लिहिले नव्हते, पण आमच्या गटावर कोणीतरी तसेच लिहिले तेव्हा मी त्याखाली पसंतीची खूण केली होती.

माझी त्या वेळची अवस्था सांगते, समर्थन म्हणून नव्हे. माझे कार्यालय जून २०२० मध्येच सुरू झाले होते. सात वर्षांचा धाकटा मुलगा दिवसभर आजीजवळ असे. पहिलीत असताना तो जोडाक्षरे वाचू लागला होता, आणि वर्षभराने पाहिले तर 'स्व' आणि 'त्र' पुढे आले की तो थांबायचा, माझ्याकडे पाहायचा आणि पुस्तक मिटायचा. पोर मागे पडते आहे हे डोळ्यांसमोर दिसत असताना आणि आपल्याला वेळ देता येत नसताना जो संताप येतो, तो कोणावर तरी निघतोच. मला शाळेतले एकच माणूस दिसत होते, पडद्यावरच्या चाळीस मिनिटांत दिसणाऱ्या त्याच्या बाई. शाळा उघडणार की नाही, कधी उघडणार, निम्मी मुले एक दिवसाआड येणार की रोज, हे कोण ठरवते ते मला कधीच कळले नाही. निरोप मात्र प्रत्येक वेळी बाईंच्याच नंबरवरून येत असे. आज निरोप यायचा की सोमवारी शाळा आहे आणि रविवारी रात्री पुन्हा यायचा की नाही. ज्याच्या हातून निरोप येतो, निर्णयही त्याचाच असे मन धरून चालते. तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मला यातच दिसते.

माझे मत बदलले ते एका दुपारी. पुस्तके घ्यायला शाळेत गेले होते. मुलाच्या बाई वर्गात गुडघ्यांवर बसून खडूने फरशीवर खुणा करत होत्या. हातात सुतळी होती आणि तिला ठरावीक अंतरावर गाठी मारलेल्या होत्या. एक गाठ बाकाच्या पायाशी धरायची आणि दुसऱ्या गाठीशी खूण करायची, असे त्यांचे चालले होते. मला पाहून त्यांनी मान वर केली आणि विचारले, 'तुमचा मुलगा डाव्या हाताने लिहितो ना? मग त्याला भिंतीकडेचा बाक नको, कोपर अडेल.' वर्षभर त्याला समोर पाहिलेले नसताना त्यांच्या ते लक्षात होते. माझ्या स्वतःच्या लक्षात ते आले नसते.

त्यानंतर आम्ही सहा पालकांनी मिळून शाळेच्या व्यवस्थापनाला पत्र दिले. त्यात शिक्षकांविषयी एक शब्दही नव्हता. कोणता निर्णय कोण घेते, वर्गात हवा किती खेळती आहे, मूल किंवा शिक्षक आजारी पडल्यास पुढे काय करायचे, आणि हे पालकांना कोण कळवणार, एवढेच विचारले होते. उत्तर यायला वेळ लागला, पण आले, आणि त्यानंतर गटावरचा सूर निवळला.


प्रतिसाद २ : सार्वजनिक आरोग्य

मी साथरोगांच्या क्षेत्रात काम करतो. शिक्षकांची भीती खरी होती की फुगवलेली, यावर दोन्ही बाजूंनी ठामपणे बोलले गेले आहे, म्हणून जे तपासून पाहिले गेले आहे ते सांगतो.

स्वीडनमध्ये मार्च २०२० मध्ये एक विलक्षण परिस्थिती निर्माण झाली. सोळा वर्षांखालील मुलांच्या शाळा चालू राहिल्या आणि त्यावरच्या वयाच्या विद्यार्थ्यांचे शिक्षण घरून सुरू झाले. त्यामुळे शिक्षण, पगार आणि राहणीमान जवळपास सारखे असलेले शिक्षकांचे दोन गट तयार झाले, एक वर्गात जाणारा आणि दुसरा घरून शिकवणारा. नंतर त्यांची तुलना केली तेव्हा वर्गात जाणाऱ्या शिक्षकांमध्ये संसर्गाचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले, आणि त्यांच्या जोडीदारांमध्येही ते वाढलेले होते. पालकांमधला फरक मात्र अगदी थोडा होता. म्हणजे शाळा चालू ठेवण्याचा भार समाजात समान वाटला गेला नव्हता, तो मुख्यतः शिक्षक आणि त्यांच्या घरच्यांवर पडला होता. मुलांना हा आजार बहुधा सौम्य होतो, म्हणून शाळा सुरक्षित आहे, हे वाक्य आपण सर्वांनी शेकडो वेळा ऐकले. त्या वाक्यात वर्गातील प्रौढ माणूस मोजलेलाच नसतो.

दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. स्कॉटलंडमध्ये मार्च २०२० ते जुलै २०२१ या काळातील नोंदी तपासल्या गेल्या, आणि काम करण्याच्या वयातील इतर प्रौढांच्या तुलनेत शिक्षकांना रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचा धोका अधिक नव्हता, असे दिसले. ही दोन निरीक्षणे एकमेकांना खोडत नाहीत. पहिल्यात संसर्ग मोजला आहे, दुसऱ्यात गंभीर आजार. पहिले प्रारंभीच्या काही महिन्यांचे आहे, तर दुसऱ्यात शाळा बंद असतानाचे, खबरदारीसह उघडल्यानंतरचे आणि लस येऊ लागल्यानंतरचेही दिवस आले आहेत. त्यामुळे शाळेत जाणे म्हणजे मरणाच्या दारात जाणे, असे म्हणणे चूक ठरते आणि शिक्षकांना कसलाच धोका नव्हता, असे म्हणणेही चूक ठरते. दम्याचा त्रास असलेल्या आणि घरी वृद्ध माणूस असलेल्या शिक्षिकेने सरासरीवर विसंबून निश्चिंत व्हावे, अशी अपेक्षा कोणताही डॉक्टर करणार नाही.

आता खिडक्यांविषयी. आपला प्रश्न मला या साऱ्या चर्चेतला सर्वांत शहाणपणाचा प्रश्न वाटतो. हा विषाणू मोठ्या प्रमाणात श्वासातून बाहेर पडणाऱ्या अतिसूक्ष्म थेंबांतून पसरतो आणि बंद खोलीत ते थेंब तासन् तास तरंगत राहू शकतात. मोठ्याने बोलताना ते अधिक बाहेर पडतात, आणि वर्गात तर शिक्षकाला मोठ्यानेच बोलावे लागते, मुले एकसुरात पाढे म्हणतात, कविता म्हणतात. इस्रायलने मे २०२० मध्ये शाळा पूर्णपणे उघडल्या आणि थोड्याच दिवसांत उष्णतेची लाट आली. मास्कची सक्ती तात्पुरती उठवली गेली, वर्गात वातानुकूलन यंत्रे चालू राहिली, आणि जेरुसलेममधील एका माध्यमिक शाळेत १५३ विद्यार्थी आणि २५ कर्मचारी बाधित झाले. त्याउलट डेन्मार्कने १५ एप्रिल २०२० रोजी, म्हणजे युरोपात सर्वांच्या आधी, लहान मुलांचे वर्ग उघडले ते छोटे गट करून, आणि शक्य तेथे मुलांना उघड्यावर बसवून. जर्मनीत दर वीस मिनिटांनी काही मिनिटे खिडक्या सताड उघडण्याचा नियम घालून दिला गेला, आणि तो हिवाळ्यातही पाळला गेला, मुले अंगात कोट घालून बसली. चिकटलेली खिडकी उघडायला सुतार आणि अर्धा दिवस लागतो. त्या खिडकीबद्दल विचारणारी शिक्षिका शाळा बंद ठेवण्याचा मार्ग शोधत नसते, ती शाळा चालू राहावी याचीच तजवीज करत असते.

लसीचाही उल्लेख करतो, कारण समाज एखाद्याचे काम किती मोलाचे मानतो हे रांगेत त्याला कुठे उभे केले यावरून थोडेफार कळते. युनिसेफने डिसेंबर २०२० मध्येच आवाहन केले होते की आघाडीवरच्या आरोग्य कर्मचाऱ्यांनंतर शिक्षकांना लस मिळावी. अमेरिकेच्या अध्यक्षांनी २ मार्च २०२१ रोजी राज्यांना सांगितले की महिनाअखेरपर्यंत प्रत्येक शिक्षकाला किमान एक मात्रा मिळावी. ब्रिटनने मात्र व्यवसायापेक्षा वयाचा क्रम धरला, आणि त्यामागेही विचार होता, कारण मृत्यूचा धोका वयाबरोबर झपाट्याने वाढतो. वैद्यकीय दृष्टीने दोन्ही धोरणांच्या बाजूने बोलता येते. परंतु जेथे शिक्षकांना रांगेत पुढे घेतले नाही, तेथे 'तुम्ही अत्यावश्यक आहात' हे वाक्य त्यांना शाळेत बोलावण्यापुरतेच वापरले गेले, अशी त्यांची भावना झाली असेल तर ती चुकीची म्हणता येणार नाही.


प्रतिसाद ३ : एक पालक

वरच्या प्रतिसादांचा आदर राखून मी वेगळे मत मांडतो. येथे सर्वजण शिक्षकांना समजून घेत आहेत, पण या दोन वर्षांत सर्वाधिक गमावलेल्यांची बाजू त्यांना स्वतः मांडता येत नाही. बांगलादेशात शाळा ५४३ दिवस बंद राहिल्या आणि १२ सप्टेंबर २०२१ रोजी उघडल्या. युगांडात त्या मार्च २०२० पासून जवळजवळ दोन वर्षे बंद होत्या आणि याच महिन्यात, १० जानेवारीला, पूर्णपणे उघडल्या. तिथल्या कितीतरी मुली आता वर्गात परत येणार नाहीत, कारण मधल्या काळात त्यांची लग्ने झाली किंवा त्या आई झाल्या. हे नुकसान कोणत्याही लसीने भरून येणारे नाही.

अशा वेळी शिकागोमध्ये याच महिन्यात लस घेतलेल्या शिक्षकांच्या संघटनेने वर्गात न जाण्याचा कौल दिला आणि शाळेचे पाच दिवस बुडाले, तेव्हा पालकांना राग येऊ नये असे आपण कसे म्हणू शकता? माझ्या घरी नववीतली मुलगी आहे. तिने गेल्या वर्षात मैत्रिणींशी बोलणे हळूहळू बंद केले, आणि ती खोलीबाहेर यायला तयार नसायची. मला शिक्षकांविषयी द्वेष नाही. परंतु परिचारिका भीती गिळून कामावर गेली आणि वाहनचालकही गेला, त्यांच्या वतीने कोणी सभेत अटी घातल्या नाहीत, ही तुलना मनात आल्याशिवाय राहत नाही.


प्रतिसाद ४ : निवृत्त मुख्याध्यापक

मी एकतीस वर्षे शिक्षक आणि त्यातील अकरा वर्षे मुख्याध्यापक होतो. 'एक पालक' यांच्या मुलीविषयी वाचून वाईट वाटले. शाळा बंद राहण्याची किंमत त्यांनी सांगितली ती पुरेपूर खरी आहे, आणि शिक्षकांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ती दरवेळी आधी मान्य केली असती तर कदाचित एवढी कटुता आली नसती. वर्गशिक्षिका बाईंनी शिक्षकांची चूक विचारली आहे, म्हणून हे सांगतो. आपण आपल्या धोक्याविषयी बोललो तितक्याच तळमळीने मुलांच्या नुकसानाविषयी बोलताना लोकांना दिसलो नाही. वर्गात आपल्याला ते रोज दिसत होते, पण त्याविषयी आपण स्टाफरूममध्ये बोललो, सभेत फारसे बोललो नाही.

मात्र परिचारिकांच्या तुलनेविषयी माझा मतभेद आहे. परिचारिकांनी अटी घातल्या नाहीत हे खरे नाही. संरक्षक पोशाख आणि चांगले मास्क मिळावेत म्हणून जगभर परिचारिकांनी आवाज उठवला, निदर्शने केली, आणि त्या वेळी समाज त्यांच्या पाठीशी उभा राहिला. त्यांना कोणी 'कारणे सांगू नका' असे म्हटले नाही. शिकागोचा वाद मिटला तेव्हा करारात काय होते तेही पाहावे: अधिक चाचण्या, चांगल्या दर्जाचे मास्क, आणि एखाद्या शाळेत किती रुग्ण आढळल्यावर ती शाळा तात्पुरती बंद करायची याचा निकष. यातील एकही गोष्ट केवळ शिक्षकांच्या सोयीची नाही, मुलांनाही तिचा तेवढाच उपयोग आहे. पाच दिवस बुडाले याचे दुःख मलाही आहे. त्या गोष्टी शाळा उघडण्यापूर्वी मान्य झाल्या असत्या तर ते बुडाले नसते.

शाळा आणि साथ यांचा प्रश्न नवा नाही. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत अमेरिकेतील बहुतेक शहरांनी शाळा बंद केल्या, पण न्यूयॉर्क आणि शिकागो यांनी त्या चालू ठेवल्या. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा सुमारे दहा लाख शाळकरी मुले होती आणि त्यांतील बहुसंख्य दाटीवाटीच्या चाळवजा इमारतींत राहत होती. शहराचे आरोग्य आयुक्त रॉयल कोपलँड यांचे म्हणणे असे होते की अशा घरांपेक्षा हवेशीर शाळेत, शिक्षक, परिचारिका आणि डॉक्टर यांच्या नजरेखाली मुले अधिक सुरक्षित राहतील. दररोज सकाळी वर्गशिक्षकाने प्रत्येक मुलाकडे निरखून पाहायचे, आजाराचे लक्षण दिसले तर त्याला वेगळे करून तपासणीसाठी पाठवायचे, अशी ती व्यवस्था होती. ती उभी राहू शकली कारण त्या शहरात शालेय आरोग्य तपासणीचे काम आधीच अनेक वर्षे चालू होते आणि परिचारिका शाळेत येत होत्या. शिक्षकाला धैर्याने उभे राहायला सांगायचे तर त्याच्या मागे कोणीतरी उभे असावे लागते, आणि ते माणूस साथ आल्यावर शोधून मिळत नाही.

युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी १९६६ मध्ये शिक्षकांच्या दर्जाविषयी एक शिफारसपत्र स्वीकारले. ५ ऑक्टोबरचा जागतिक शिक्षक दिन त्याच्याच स्मरणार्थ असतो. त्यात गौरवाच्या भाषेबरोबर साध्या गोष्टीही आहेत: शिक्षकांची ठरावीक काळाने मोफत वैद्यकीय तपासणी व्हावी, वर्ग इतकाच मोठा असावा की शिक्षकाला प्रत्येक मुलाकडे लक्ष देता येईल. माझ्या अकरा वर्षांत शिक्षक दिनाचे समारंभ अकरा झाले. वैद्यकीय तपासणी एकदाही झाली नाही, आणि ती मागायला हवी होती हे मलाही तेव्हा सुचले नाही. तो दोष मी माझ्याकडे घेतो.

शेवटी इंग्लंडमधील एक घटना, कारण ती बाईंना धीर देईल. ४ जानेवारी २०२१ रोजी तेथे प्राथमिक शाळा सुट्टीनंतर उघडल्या आणि त्याच संध्याकाळी पंतप्रधानांनी त्या बंद केल्याची घोषणा केली. म्हणजे एका दिवसात सगळे पालटले. दोनच दिवसांनी शिक्षणमंत्र्यांनी पालकांना सांगितले की घरून चालणाऱ्या शिक्षणाबाबत असमाधान असेल आणि शाळेकडे दाद लागली नाही, तर शाळा तपासणाऱ्या 'ऑफस्टेड' या संस्थेला कळवा. पालकांनी खरोखरच हजारो ईमेल पाठवले, आणि त्यांतील बहुतेकांत तक्रार नव्हती, त्यांत आपल्या मुलाच्या शिक्षकांचे आभार मानले होते. जे लोक कडवट लिहितात ते रोज लिहितात, आणि ज्यांच्या मनात कृतज्ञता असते त्यांना ती लिहून कळवायची असते हे कोणीतरी विचारल्याशिवाय सुचत नाही. आपल्या गटावरही मला हेच प्रमाण असावे असे वाटते.


प्रतिसाद ५ : खडू

एक गोष्ट राहून गेली आहे. 'घरबसल्या पगार' हे वाक्य सर्व शिक्षकांना लावले जाते, पण ज्यांचा पगारच थांबला अशा शिक्षकांची संख्या मोठी आहे. मी एका लहान खासगी शाळेत गणित शिकवत होतो. पालकांकडून शुल्क येणे थांबले, तेव्हा आधी पगार निम्मा झाला आणि चौथ्या महिन्यात बंद झाला. मी शाळेला फार दोष देत नाही, तिच्याकडे खरोखरच पैसा नव्हता. पुढे सात महिने मी एका गोदामात मालाच्या नोंदी लिहिण्याचे काम केले आणि संध्याकाळी माझ्या दहावीच्या मुलांना फोनवरून शिकवले, त्याचे कोणी पैसे दिले नाहीत आणि मी मागितलेही नाहीत. वर युगांडाचा उल्लेख आला आहे. तेथेही खासगी शाळांतील असंख्य शिक्षकांनी पोट भरण्यासाठी दुसरे काम धरले, आणि शाळा उघडल्या तेव्हा त्यांतील अनेकजण परतले नाहीत.

मी परतलो. पहिल्या दिवशी फळ्याकडे वळून लिहायला लागलो आणि मागे इतकी शांतता होती की मला वाटले मुले उठून गेली. वळून पाहिले तर सगळी जागच्या जागी बसली होती, मास्कच्या वर फक्त डोळे, आणि कोणालाच आधी बोलावे असे वाटत नव्हते. त्या दिवशी मी गणित घेतले नाही.


प्रतिसाद ६ : वर्गशिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. प्रत्येक प्रतिसाद मी दोनदा वाचला.

मुख्याध्यापक सर, आपण दाखवलेली चूक मला मान्य आहे. सभेत मी खिडक्यांविषयी बोलले, पण त्याच श्वासात हे बोलले नाही की माझ्या वर्गातली पाच मुले पडद्यावरच्या तासाला सलग आठ महिने दिसलीच नव्हती आणि त्यांच्या घरी मी तीन-तीनदा फोन केले होते. ते मला सांगण्यासारखे वाटले नाही, कारण ते माझे कामच होते. पण ऐकणाऱ्यांना ते ठाऊक नव्हते.

'एक पालक' दादा, आपला राग मला समजतो आणि आपण तो सभ्यपणे मांडलात. आपल्या मुलीच्या वर्गशिक्षकांना तिच्या गप्प राहण्याविषयी आवर्जून सांगा. खडू सरांनी लिहिले तशी शांतता मीही पाहिली आहे. शिक्षकाला आधीच माहीत असेल तर तो त्या मुलीला पहिल्याच दिवशी सर्वांसमोर उत्तर विचारणार नाही, एखाद्या छोट्या कामाला लावून बोलते करील. सभेत मला बोल लावणाऱ्या त्या पालकांशीही मी काल फोनवर बोलले. त्यांच्या वडिलांचे गेल्या वर्षी या आजारानेच निधन झाले, हे मला माहीत नव्हते, आणि मला दमा आहे हे त्यांना माहीत नव्हते. आम्ही एकमेकांची क्षमा वगैरे मागितली नाही. त्यांनी विचारले की खिडकीला नेमके काय झाले आहे, आणि मी सांगितले.

आरोग्य क्षेत्रातील सरांना एक प्रश्न आहे. पाचही खिडक्या उघडल्या, तरी त्या सगळ्या एकाच भिंतीत आहेत आणि समोरच्या भिंतीत फक्त दार आहे, जे व्हरांड्यात उघडते. दार तासभर उघडे ठेवले तर शेजारच्या वर्गाचा आवाज येतो आणि मास्कमधून बोलताना माझा आवाज मागच्या बाकांपर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी दर वीस मिनिटांनी दार आणि खिडक्या एकदम उघडल्या तर पुरेसे होईल का, आणि त्या वेळात मुलांना व्हरांड्यात न्यावे का?

आणि दोन मुलांची आई, आपण सहाजणांनी व्यवस्थापनाला दिलेल्या पत्राचा मसुदा येथे देता येईल का? आमच्या गटावरील दोन पालक तसे पत्र द्यायला तयार आहेत. शाळा सोमवारी उघडते आहे, तेव्हा शनिवारपर्यंत मिळाला तर बरे होईल.